शेडमध्ये सर्व्हर लावण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आणखी एका टॉवेलच्या शेडमध्ये मागांचं रीडिंग घेणारा सर्व्हर लावायचाय; प्रत्येक मागावरची छोटी डबी नेटवर्कवरून त्याला आकडे पाठवते. आधीच्या शेडमध्ये लाइट जाऊन आली, माग धडधडायला लागले, पण आमच्या स्क्रीनवरचे आकडे ढिम्म. तेव्हा या वेळी यादी आधीच.

आयपी, पोर्ट, फायरवॉल बघून घ्या. कनेक्ट टाइमआउट, म्हणजे जोडणीसाठी किती थांबायचं ती मर्यादा, स्वतः द्या; लिनक्सवर सोडलात तर उत्तर न देणाऱ्या पत्त्यापाशी प्रोग्राम दोन मिनिटांहून जास्त ताटकळतो.

आता रिसीव्ह टाइमआउट, म्हणजे डेटाची वाट किती बघायची ती मर्यादा. पायथनमध्ये लिसनिंग सॉकेटला (नव्या जोडण्यांची वाट बघणारं टोक) टाइमआउट दिला म्हणजे ॲक्सेप्टमधून येणाऱ्या सॉकेटला (एकेका डबीशी बोलणारं टोक) तो मिळतो असं नाही. तिथे वेगळा द्यायचा. मागावरच्या डबीची लाइट गेली की ती ना फिन ('माझं पाठवून झालं') पाठवते ना रीसेट ('कनेक्शन तोडलं'), आणि त्या डबीचं काम बघणारा आपला थ्रेड रिसीव्हवर बसून राहतो. कनेक्शनांची यादी देणारी एसएस कमांड बघा, तिथे कनेक्शन खुशाल 'एस्टॅब', म्हणजे चालू, दिसतं. समोरचा जिवंत आहे का हे विचारणारं कीपअलाइव्ह आहे म्हणाल, तर ते आधी चालू करावं लागतं आणि लिनक्सवर त्याची पहिली चौकशी 7200 सेकंदांनी होते. दोन तास! म्हणून डबीने दर 10 सेकंदांनी काहीतरी पाठवायचं, आणि 30 सेकंद शांतता असली की सॉकेट बंद. रिसीव्ह टाइमआउट दिला का? ॲक्सेप्टनंतरच्या सॉकेटला? परत बघा.

बंद करताना थेट क्लोज नको. न वाचलेला डेटा बफरमध्ये असताना क्लोज केलंत की लिनक्स रीसेट पाठवतं आणि आपण पाठवलेलं शेवटचं उत्तरही वाटेत हरवू शकतं. आधी लिहिण्याची बाजू शटडाउन करा, शून्य बाइट येईपर्यंत (म्हणजे समोरच्यानेही बंद करेपर्यंत) वाचा, मग क्लोज. या वाचण्यालाही टाइमआउट हवाच, हो, इथेही. एसएसमध्ये क्लोज-वेट (समोरच्याने बंद केलं, आपण नाही) साठत असतील तर क्लोज विसरलेला कोड आपलाच. टाइम-वेटला (बंद झाल्यावरची थोडी वाट) घाबरू नका, 60 सेकंदांत जातो. रीस्टार्टला त्यामुळे पोर्ट अडलं तर सॉकेटला रीयूज-ॲड्रेस हा पर्याय द्या.

चाचणी कंट्रोल-सी मारून (प्रोग्राम थांबवून) करू नका. प्रोसेस मेली तरी कर्नल फिन पाठवतोच, सगळं छान दिसतं. डबीचा प्लग ओढा.

सिगटर्म (प्रोग्रामला बंद व्हायला सांगणारा सिग्नल) आला की नवीन ॲक्सेप्ट बंद, चालू आहेत ती कनेक्शनं संपवा. लाइट आल्यावर सगळ्या डब्या एकदम धावतात, म्हणून डबीच्या रीट्रायमध्ये प्रत्येक वेळी रँडम वेळ थांबा. लॉग. बॅकअप. आणि तो रिसीव्ह टाइमआउट.