वस्तीत मुलांचा अभ्यासवर्ग सुरू करताना

वस्तीतल्या मुलांसाठी काम करायचे ठरले की आधी खोली, फळा आणि वह्यांची जमवाजमव सुरू होते. पहिले दोन-तीन आठवडे यांतले काहीच लागत नाही. एकच गल्ली निवडावी आणि घरोघरी जाऊन प्रत्येक मुलाचे नाव, वय, शाळा, घरात कमावते कोण आणि दिवसा मूल कोणाजवळ असते, एवढेच वहीत टिपावे. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई सोबत असतील तर दारे लवकर उघडतात. कोणते कुटुंब कालच गावाहून आले आणि कोणाचे बिऱ्हाड उठायच्या बेतात आहे, हे त्यांना तोंडपाठ असते.

वर्गाची वेळ वस्तीच्या नळावर ठरते. पाणी संध्याकाळी साडेपाचला येत असेल तर पाच ते सातचा वर्ग कागदावरच राहतो, कारण हंड्यांच्या रांगेत बहुधा घरातली थोरली मुलगीच उभी असते. आमच्याकडे नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची आणि तो रडू लागला की वही मिटून निघून जायची. शेवटी कोपऱ्यात सतरंजी टाकून चार डबे-झाकणे मांडली आणि लहानग्यांकडे लक्ष ठेवायला वस्तीतल्याच एका आजींना मानधनावर बसवले, तेव्हा कुठे मुलींची हजेरी टिकू लागली. खडू-फळ्याआधी या मानधनाची तरतूद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा वर्ग शाळेची जागा घेऊ लागला तर आपले काम चुकले असे समजावे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयोगटातल्या शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळायला हवे. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे, या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही. तरीही खिडकीवर ‘कागद आणा, मग बघू’ हे ऐकावे लागतेच. अशा वेळी वाद घालत बसू नये. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि पालकांना सोबत न्यावे. प्रवेशानंतरचा पहिला महिना सर्वांत नाजूक असतो. मूल तीन दिवस दिसले नाही तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी जावे.

शिकवताना गट वयावरून न पाडता वाचनाच्या पातळीवरून पाडावेत: अक्षरे ओळखणारे, शब्द वाचणारे, परिच्छेद वाचणारे. घरी वडारी, बंजारा किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेत उत्तर देऊ द्यावे.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भावंडांमधले कुपोषण ओळखण्यासाठी त्यांचा दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, पट्टीने मोजता येतो. तो 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर त्याच दिवशी अंगणवाडी सेविकेला कळवून मुलाला आरोग्य केंद्रात न्यावे.

सुरक्षिततेचे नियम पहिल्याच दिवशी लिहून काढावेत. वर्गात कायम दोन प्रौढ असावेत, दार उघडे असावे आणि कोणीही एका मुलाला एकट्याने कुठे नेऊ नये. मुलाने अत्याचाराविषयी काही सांगितले तर शांतपणे ऐकावे, खोदून खोदून विचारू नये आणि प्रकरण वस्तीतल्या वस्तीत मिटवण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे 2012 च्या पॉक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याने बंधनकारक आहे. एरवी संकटातल्या मुलासाठी 1098 हा मदतीचा फोन क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर रंगवावा.

देणगीदार फोटो मागतातच. त्यांना हजेरीपटाचा गोषवारा आणि खर्चाचा हिशेब पाठवावा; फोटो द्यायचाच झाला तर मुलांनी काढलेल्या चित्रांचा द्यावा.