इंग्लंडच्या डोंगराळ रस्त्यांवर सायकल चालवताना या चुका टाळा

पुण्यात सिंहगड आणि कात्रजचा घाट नियमितपणे चढणारे कितीतरी मराठी सायकलस्वार शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इंग्लंडमध्ये येतात आणि इथल्या डोंगरांची उंची ऐकून निर्धास्त होतात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर स्कॉफेल पाइक ९७८ मीटरचे आहे, म्हणजे सिंहगडाच्या माथ्यापेक्षाही तीनशेहून अधिक मीटरने कमी. आणि सायकलस्वार जिचे नाव घेताना जरा थांबतात ती लेक डिस्ट्रिक्टमधील हार्डनॉट खिंड तर जेमतेम ३९३ मीटरवर आहे. तरीही याच खिंडीत सराईत माणसे सायकलवरून उतरून चालू लागलेली दिसतात. पहिली आणि सर्वांत मोठी चूक इथेच होते: चढ उंचीने मोजला जातो, तीव्रतेने नाही.

आपले घाटरस्ते गाडी दमणार नाही अशा बेताने, वळणे घेत आखलेले असतात. घाट लांब असला तरी चढ बराच एकसारखा राहतो आणि एकदा लय सापडली की तासभर तीच टिकवता येते. इंग्लंडमधील अनेक लहान रस्ते मात्र जुन्या गाडीवाटांवर आणि घोड्यांच्या वाटांवरच डांबर टाकून झालेले आहेत, त्यामुळे ते टेकडीला वळसा घालण्याऐवजी सरळ अंगावर घेतात. हार्डनॉटवर काही ठिकाणी चढ ३३ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे तीन मीटर पुढे सरकताना एक मीटर वर. नॉर्थ यॉर्क मूर्समधील 'रोझडेल चिमनी बँक' हा चढ त्याच पंक्तीतला आहे. डेव्हनमध्ये एवढे टोकाचे चढ कमी असले, तरी दोनशे मीटर खाली आणि लगेच दोनशे मीटर वर, असा खेळ दिवसभर चालतो आणि लय म्हणून काही सापडतच नाही.

म्हणून मार्ग ठरवताना 'एकूण ६० किलोमीटर, ९०० मीटर चढ' एवढ्यावर समाधान मानू नये. सरासरी हा आकडा या प्रदेशात फसवा आहे, कारण मधल्या सपाटीत आणि छोट्या उतारांत खरा चढ लपून जातो. मोबाइलवरील नकाशे उंचीच्या आलेखातील टोके गुळगुळीत करून दाखवतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:५०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा अशा वेळी अधिक प्रामाणिक ठरतो. त्यावर रस्त्यावर एक बाण असेल तर चढ १४ ते २० टक्क्यांच्या दरम्यान आहे आणि दोन बाण असतील तर २० टक्क्यांहून अधिक, असे समजावे. बाण नसले तरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, बोलतात. त्या दहा-दहा मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात, त्यामुळे रस्त्याला छेदणाऱ्या दोन रेषांमध्ये जेमतेम एक मिलिमीटर जागा दिसली, तर तिथे साधारण २० टक्के चढ आहे हे पक्के.

दुसरी चूक गिअरची, आणि तिची किंमत गुडघे मोजतात. थोडा हिशेब करून पाहू. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो वजन २५ टक्के चढावर ताशी केवळ ५ किलोमीटर वेगाने न्यायचे, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणावर मात करायलाच सुमारे २८० वॅट लागतात. पुढे ३४ दातांचे आणि मागे २८ दातांचे चक्र असेल, तर त्या वेगाला पायडल मिनिटाला जेमतेम ३३ वेळा फिरते. प्रत्येक फेरा म्हणजे जिना चढताना पाठीवर पोते घेतल्यासारखा. मागे ३४ दातांचे चक्र बसवले की हाच आकडा ४० होतो. फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण चढ संपेपर्यंत सायकलवर टिकून राहणे त्यावरच अवलंबून असते. डोंगराळ भागात जाताना मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचात, सर्वांत मोठे चक्र किमान ३४ दातांचे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा डिरेलर एवढे मोठे चक्र पेलतो का आणि साखळीची लांबी पुरते का, हे मात्र आधी दुकानात तपासून घ्यावे.

हे मी विनॅट्स खिंडीत शिकलो. पीक डिस्ट्रिक्टमधील कॅसलटन गावाबाहेर चुनखडीच्या दोन उंच भिंतींमधून हा रस्ता वर जातो आणि त्याचा चढ २० टक्क्यांच्या पुढे जातो. शेजारच्या मॅम टॉर डोंगराच्या पायथ्यावरून जाणारा सौम्य चढाचा रस्ता भूस्खलनाने वारंवार खचत राहिला आणि १९७९ साली वाहनांसाठी कायमचा बंद झाला, म्हणून त्या बाजूने वर जाणाऱ्यांच्या वाट्याला ही खिंड येते. मी मागे २५ दातांचे चक्र घेऊन निघालो होतो. वेग इतका घटला की पुढचे चाक डावी-उजवीकडे भरकटू लागले, मी उभा राहून जोर लावला तेव्हा ओल्या डांबरावर मागचे चाक जागच्या जागी फिरले आणि बूट पायडलला अडकवणाऱ्या क्लिपमधून सोडवण्याआधीच मी कुशीवर पडलो. तीव्र चढावर उभे राहिले की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि पकड सुटते. पूर्ण मागे बसून राहिले तर पुढचे चाक उचलू लागते. खोगिराच्या पुढच्या टोकाशी सरकून, कोपर वाकवून, छाती हँडलकडे झुकवावी, म्हणजे दोन्ही चाकांना वजन मिळते. थांबावे लागणार असे वाटताच एक बूट आधीच मोकळा करावा.

नागमोडी वळणांवर एक गोष्ट ध्यानात ठेवली तर श्वास वाचतो. इंग्लंडमध्येही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असते, त्यामुळे डाव्या वळणावर आपली बाजू आतली, म्हणजे सर्वांत तीव्र. उजव्या वळणावर मात्र आपण बाहेरच्या, सौम्य कडेला असतो. जोर डावीकडे लावावा आणि दम उजवीकडे घ्यावा.

अपघात मात्र चढावर नव्हे, तर उतारावर बेततात. 'चढ संपला, आता मजा' ही भावना स्वाभाविक आहे, पण अरुंद गल्लीसारख्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच कुंपणझाडी असते, समोरून ट्रॅक्टर येतो तेव्हा पंधरा-वीस मीटर अंतर उरलेले असते, आणि अशा कित्येक रस्त्यांवर मोटारींची कायदेशीर कमाल मर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर आहे. दिसते आहे त्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. वळणाच्या आत ब्रेक दाबू नयेत, वळणाआधी वेग उतरवावा. रस्त्याच्या मधोमध साचलेली बारीक खडी, शेवाळ आणि ट्रॅक्टरने आणलेला चिखल ओळखायला शिकावे. मोकळ्या माळावर मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या असतात. गुरे पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी नळ्यांच्या जाळीवरून जाताना चाक काटकोनात ठेवावे आणि ब्रेक किंवा हँडल अजिबात हलवू नये. पावसात त्या नळ्यांवर साबण लावल्यासारखे होते. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा थोडा वेळ ठामपणे दाबावेत आणि सोडावेत, म्हणजे त्यांना थंड व्हायला सवड मिळते.

पंक्चरबद्दल एक खास इशारा. पक्ष्यांच्या घरट्यांच्या काळात, १ मार्च ते ३१ ऑगस्ट, कुंपणझाडी छाटण्यावर कायद्याने बंधन आहे. सप्टेंबरपासून यंत्राने छाटणी सुरू होते आणि हॉथॉर्न या काटेरी झुडपाचे काटे रस्त्याभर विखुरतात. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोटाचे टोक हलकेच फिरवून तो काळसर, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा शोधून काढला नाही, तर नवी ट्यूबही शंभर मीटरवर बसते. मी नेहमी दोन ट्यूब नेतो, शरद ऋतूत तीन.

हवामान पाहताना पायथ्याच्या गावाचे पाहू नये. ५०० मीटर उंचीवर तापमान साधारण तीन अंशांनी कमी असते आणि चढताना घामाने भिजलेले अंग उतारावर गार वाऱ्यात सापडते. बोटे बधिर झाली की ब्रेक दाबले जात नाहीत. खिशात पातळ विंडचीटर आणि हातमोजे जूनमध्येही असावेत. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो, म्हणूनच १९९४ साली खुला झालेला सी-टू-सी हा किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतचा मार्ग बहुतेक जण पश्चिमेकडून पूर्वेकडे करतात. तरी त्यात हार्टसाइडचा ५८० मीटरचा माथा आहेच.

नकाशावर वाट दिसली म्हणून आत शिरू नये. पादचारी वाटेवर सायकल चालवण्याचा हक्क नाही. घोडेवाटेवर तो १९६८ च्या कायद्याने मिळाला, पण पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यावी लागते, शिवाय रोड सायकलच्या टायरला ती वाट बहुधा झेपत नाही.

सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर मी सरेमधील बॉक्स हिल सांगतो. डॉर्किंगपर्यंत लंडनहून रेल्वे आहे, चढ अडीच किलोमीटरचा आणि सरासरी ५ टक्के आहे, आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या शर्यतीने त्याला नऊ फेऱ्या घातल्या होत्या. इथे आपली घाटातली लय उपयोगी पडते. त्यानंतर पीक डिस्ट्रिक्टमधील ५२४ मीटर उंचीवरचा होम मॉस, मग यॉर्कशायर डेल्समधील बटरटब्स खिंड आणि लेक डिस्ट्रिक्ट अगदी शेवटी. एक्समूरमध्ये पोर्लॉकचा २५ टक्क्यांचा चढ नको असेल, तर शेजारून झाडीतून जाणारा पथकराचा रस्ता लांब पण सौम्य आहे. तो निवडण्यात कमीपणा नाही.

खाण्याची सोय गृहीत धरू नये. लहान गावांत दुकान नसते आणि अनेक पबांची स्वयंपाकघरे दुपारी बंद होतात, म्हणून खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की खिशात असावी. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने बंधनकारक आहे, पण खिंडीत त्याहून महत्त्वाचे म्हणजे परतीची वेळ घरीच ठरवून घेणे: मी हिवाळ्यात बरोबर साडेबाराला, माथा दिसत असला तरी, सायकल वळवतो.