लॅपटॉपची बिजागरी उखडली? खोलण्याआधी हे जमवा

वॉरंटी शिल्लक असेल तर आधी बिल शोधा, स्क्रू ड्रायव्हर नंतर. ती संपली असेल तर दुरुस्ती होईपर्यंत झाकणाची उघडझाप बंद ठेवा आणि महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या.

स्वस्तातल्या लॅपटॉपमधली बिजागरी पोलादी आणि कडक असते. तिचे स्क्रू मात्र प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या इवल्याशा पितळी नटांत बसतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा जोर त्याच बाजूच्या प्लॅस्टिकवर, आणि कधीतरी नट टवक्यासकट बाहेर येतो. त्यामुळे माझ्या यादीत, निखळलेला नट परत चिकटवायच्या एपॉक्सी गोंदाच्याही आधी छोटा पाना येतो. बिजागरीच्या टोकाचा नट पाव आटा सैल करायचा, झाकण जिथे सोडलं तिथे राहील इतपतच. हे न करता नुसतं चिकटवणं म्हणजे फुकटची मेहनत.

एपॉक्सी दोन नळ्यांची, सावकाश सुकणारी घ्या. पाच मिनिटांवालीचा मोह नको. सुपरग्लू तर नकोच. तो ठिसूळ, वर पातळ, थेट आट्यांत उतरतो. प्लॅस्टिक खरवडायला सँडपेपर, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर चालेल असं वाटेल, पण त्यातलं ॲसिटोन बहुतेक लॅपटॉपचं प्लॅस्टिकच विरघळवतं. स्क्रूला किंचित व्हॅसलीन लावून ठेवलं की एपॉक्सी आट्यांत धरत नाही, पण जिथे चिकटवायचं तिथे त्याचा थेंबही लागू देऊ नका.

फिलिप्स म्हणजे फुलीच्या टोकाचे, 0 आणि 00 नंबरचे स्क्रू ड्रायव्हर, कडा उचकटायला जुनं एटीएम कार्ड, फोटो काढायला मोबाइल. कागदावर तळाचा नकाशा काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वरच्या बाजूला कीबोर्डशेजारी फुगवटा येतो. एखाद-दुसरा स्क्रू रबरी पायाखाली दडलेला असतो.

बॅटरी 25 टक्क्यांच्या आसपास उतरवा आणि आत शिरताच पहिल्यांदा तिचं कनेक्टर काढा. ती फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवा. स्क्रीनची केबल आणि वायफायच्या तारा बहुतेकदा बिजागरीजवळूनच जातात, तिथे पकड घालताना सांभाळून.

सुकायला पूर्ण एक दिवस धरा, थंडीत जास्तच. रबरी पाय निघालेच असतील, तर परत लावायला दुहेरी टेप आणून ठेवा.