आल्यानिको पिताना या चुका टाळा

आल्यानिकोचा पहिला घोट घेतला आणि वाटलं, काजूचा कच्चा बोंडूच चावला. जीभ कोरडी पडली, गाल आत ओढले गेले. वाईन बिघडलीय असं समजून मी बाटली बाजूला सारली. वाईन ठणठणीत होती. चुका माझ्या होत्या, आणि सगळ्या एकाच संध्याकाळी केल्या होत्या.

आल्यानिको हे दक्षिण इटलीतलं काळं द्राक्ष. कांपानियाच्या आवेलिनो प्रांतातल्या १७ गावांत त्याची ताउराझी ही वाईन बनते. शेजारच्या बाझिलिकातात, वूल्तुरे या १३२६ मीटर उंचीच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर आल्यानिको देल वूल्तुरे ही वाईन तयार होते. (लेबलावरचं ‘Vulture’ हे नाव इंग्रजीसारखं वाचून आमच्या एका मित्राने तिला ‘गिधाड’ ठरवलं, ते आजतागायत.) हे द्राक्ष फार उशिरा पिकतं, तोडणी ऑक्टोबरअखेर, कधी थेट नोव्हेंबरात. तोंड तुरट करणारं टॅनिन भरपूर, वर आंबटपणाही शाबूत. तुरटपणा हा या वाईनचा दोष नाही, पिंडच आहे.

कोवळी बाटली उघडणं. ताउराझीला १९९३ मध्ये डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. नियमाप्रमाणे ती किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं एक वर्ष लाकडात. ‘रिझेर्वा’ असेल तर चार वर्षं. पण नियम संपला म्हणजे वाईन तयार झाली असं नाही. चांगली ताउराझी आठ-दहा वर्षांनी कुठे मवाळ व्हायला लागते. आजच प्यायची असेल तर लेबलावर ‘इर्पिनिया आल्यानिको’ शोधा. तीही तुरटच, पण अंगावर येत नाही.

नुसतं बूच काढून ठेवणं. बाटलीच्या गळ्यातून हवा कितीशी जाणार? रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओता आणि दोन तास विसरा. जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ असतो. तो बिघाड नव्हे. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, सावकाश ओता, गाळ दिसू लागला की थांबा.

‘रूम टेंपरेचर’वर विसंबणं. ही सूचना युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी होती. पुण्यातल्या मे महिन्यातली खोली तिच्या लेखी नव्हतीच. ३५ अंशांना या वाईनमधलं अल्कोहोल नाकात घुसतं, बाकी काही कळत नाही. १६ ते १८ अंश हवेत, म्हणजे आधी काही वेळ फ्रिजमध्ये. जास्त गारही नको, तुरटपणा आणखी टोकदार होतो.

सोबत झणझणीत खाणं. माझी सगळ्यात मोठी चूक ही. मी तांबडा रस्सा ठेवला होता. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि आग झालेल्या तोंडाला टॅनिन जास्तच बोचतं. रस्सा आणि वाईन, दोघांचंही वाटोळं. त्याच मटणाचे तुकडे मीठ, लसूण, मिरपूड लावून भाजले असते तर काम झालं असतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. ताटात मांस किंवा चीज असलं की त्याला चिकटायला दुसरं काहीतरी मिळतं. चरबी जिभेवर पुन्हा ओलावा आणते आणि मीठ कडवटपणा दाबतं. कोकणात बोंडूच्या फोडींना मीठ लावतात ते काय उगाच?

तिथले लोक हेच करतात. कोकराचं भाजलेलं मांस, डुकराचं सॉसेज, तासन्‌तास शिजवलेला टोमॅटो-मांसाचा रागू, आणि दोरीने जोडीजोडीने टांगून मुरवलेलं काचोकावाल्लो चीज. टोमॅटो चालतो, कारण वाईनही तेवढीच आंबट आहे. शाकाहाऱ्यांनी चीज घालून भाजलेली वांगी करावीत. मशरूमही छान लागतात, पण मिठाला हात आखडला तर वाईन कडू लागेल.

मासे. तेलकट मासे तर नकोतच. बांगड्यासोबत तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव येते. बांगड्याला याच कांपानियातली पांढरी फियानो वाईन द्या.

राहता राहिली ती बाजूला सारलेली बाटली. दुसऱ्या दिवशी ओतून टाकायला घेतली, सवयीने वास घेतला, तर सुकवलेल्या चेरीचा, चामड्याचा आणि किंचित धुराचा. फ्रिजमध्ये जुनाट खारट चीजचा तुकडा होता. संध्याकाळपर्यंत बाटली रिकामी झाली.