रेचलला जायचंय? मग टाकी फुल्ल करा आणि डबा घ्या

लास वेगासला आलेल्या आपल्या लोकांना एरिया ५१ चं, म्हणजे एलियन्सच्या अफवांमुळे गाजलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या गुप्त तळाचं, भारी कुतूहल असतं, मग कोणीतरी म्हणतं चला रेचलला जाऊन येऊ. जा की, पण जरा तयारीनं जा. नेवाडाच्या वाळवंटात स्टेट रूट ३७५ वर पन्नासेक माणसांची वस्ती आहे ही, ट्रेलर होम्स, एक मोटेल-कम-हॉटेल, बस्स. पूर्वी जवळच टंगस्टनची खाण होती म्हणून माणसं आली, खाण बंद पडली तरी काही जण राहिले. रस्त्याला 'एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे' हे नाव १९९६ ला दिलं, टुरिस्ट यावेत म्हणून.

वेगासपासून साधारण १५० मैल, अडीच तास धरा. आय-१५ नं उत्तरेला, मग यूएस ९३ पकडायचा, अलामो गाव लागतं. इथे गॅस (पेट्रोल) भरायचाच, अर्धी टाकी असली तरी भरायचा, कारण रेचलला पेट्रोल मिळेलच असं नाही आणि अलामोहून रेचल पन्नासेक मैल, म्हणजे नुसतं जाऊन परत यायलाच शंभर मैल झाले. बाथरूमपण इथेच उरकून घ्या, आई-बाबा सोबत असतील तर हे आधी! पुढे क्रिस्टल स्प्रिंग्जला ३७५ सुरू होतो. मोबाईलची रेंज बहुतेक रस्ताभर नसतेच, त्यामुळे मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, आणि कोणाला तरी सांगून निघा की संध्याकाळपर्यंत फोन करतो.

पाणी भरपूर घ्या, माणशी एक बाटली पुरत नाही तिथे. गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालत सुटू नका, तासाभरानं का होईना कोणीतरी येतं आणि या रस्त्यावर लोक थांबतात. स्वेटरपण टाका, भाग उंचावर आहे, ऊन उतरलं की चांगलीच थंडी वाजते.

अंधारात ड्रायव्हिंग शक्यतो टाळाच. हा ओपन रेंजचा भाग आहे, कुंपण-बिंपण काही नाही, गाई सरळ डांबरावर येऊन उभ्या राहतात आणि काळी गाय हेडलाइटमध्ये दिसेपर्यंत ब्रेक मारायची वेळ गेलेली असते. वर तिथल्या कायद्यानं गाईच्या मालकावर जबाबदारी येत नाही, गाडीचं जे काय होईल ते तुमचं तुम्ही बघा.

वाटेत एरिया ५१ कडे जाणारा ग्रूम लेक रोडचा कच्चा फाटा लागतो. आत गेलात तर इशाऱ्याच्या पाट्या दिसतील, तिथून मागे फिरायचं म्हणजे फिरायचं. अडवणारं कोणी दिसलं नाही तरी 'जरा पुढे जाऊन बघू' करू नका, व्हिसावर असाल तर अजिबातच नको.

गावात 'लिटल एलिइन'मध्ये, म्हणजे त्याच मोटेल-कम-हॉटेलात, थांबा, एलियन बर्गर खा, टी-शर्ट घ्या, यावरच गावाचं बरंचसं चालतं, नुसता फोटो काढून पळणं बरं नाही दिसत. शाकाहारी असाल तर मात्र ठेपले, दशमी जवळ ठेवा. निघण्याआधी फोन करून उघडं आहे का विचारा. लोकांच्या अंगणात शिरून फोटो काढू नका, फेसबुकवरून 'सगळे मिळून एरिया ५१ मध्ये घुसू' म्हणणाऱ्या २०१९ च्या 'स्टॉर्म एरिया ५१' प्रकारानं त्यांना पुरेसा ताप दिलाय.

परत वेगासला न येता पुढे टोनोपाला जाणार असाल तर अजून ११० मैल, मधे काहीही नाही. मॅपवर वॉर्म स्प्रिंग्ज नाव दिसतं, तिथे गॅस मिळेल समजू नका, ते ओसाड पडलंय.