चष्म्याच्या नंबरचा कागद वाचताना या चुका टाळा

नंबरचा कागद हातात आला की बहुतेक जण त्यावरचा सर्वांत मोठा आकडा शोधतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. रत्नागिरीत चष्म्याच्या काउंटरवर उभा राहून मी हे सारखं पाहतो. कागदावर आधी चिन्ह बघा, आकडा नंतर. मायनस म्हणजे लांबचं धूसर दिसतं. प्लस असेल तर डोळ्याला, विशेषतः जवळचं बघताना, काचेचा आधार लागतो. −१.५० आणि +१.५० हे दोन पूर्ण वेगळे डोळे आहेत.

सर्वांत जास्त लोक फसतात ते एडीडी या रकान्यात. हा जवळचा नंबर नव्हे. लांबच्या नंबरात मिळवायची ही भर आहे. देवगडकडचे एक निवृत्त गुरुजी मोतीबिंदू झाला असं धरूनच माझ्याकडे आले होते. वर्तमानपत्र अगदी नाकाशी धरल्याशिवाय त्यांना वाचता येत नव्हतं. कागद मागून घेतला, तर दोन्ही डोळ्यांचा लांबचा नंबर −२.०० आणि एडीडी +२.००. गणपतीला आलेल्या मुलाने कागदावरचा +२.०० तेवढा वाचला होता आणि मुंबईहून तयार चष्मा आणून दिला होता. गुरुजी महिनोन्‌महिने तो लावून बसत होते. मला म्हणाले, "अरे, ह्यो चष्मो काढल्यार बरा दिसता." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. −२.०० मध्ये +२.०० मिळवले की उरतं शून्य. वाचायला त्यांना काचच नको होती. उलट त्या चष्म्याने पंचवीस सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं पुसट करून टाकलं होतं.

मुलाची माया खरी होती, पण दोन मिनिटं थांबून कुणाला विचारलं असतं तर गुरुजींचा तेवढा काळ फुकट गेला नसता. तयार चष्मा वाईट नाही. दोन्ही डोळ्यांचा जवळचा नंबर सारखा असेल आणि तिरका नंबर (कागदावरच्या सिलिंडर किंवा सीवायएल रकान्यातला आकडा) नसेल तर तो चालतो, पण बेरीज केल्याशिवाय घेऊ नका. लांबचा +१.०० आणि भर +२.०० असेल तर जवळचा होतो +३.००. मी ही बेरीज कागदाच्या खाली पेनाने लिहून देतो आणि गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेतो. घाई असलेल्यांना हे आवडत नाही, तरी मी वाचायला लावतोच.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे फोनवरून सांगितलेला नंबर. लांजा-राजापूरहून एसटीने यायचं म्हणजे दिवस मोडतो, हे मला कळतं. पण "दीड नंबर आहे, काच टाकून ठेवा" यात चिन्ह कुठे आहे? फोटो पाठवला तरी कागद सपाट करून, उजेडात, चारही कोपरे दिसतील असा काढा. आपल्याकडच्या पावसात कागद भिजला की मायनसची बारीक रेघ आधी पुसते आणि घडीची रेघ नेमकी आकड्याच्या डावीकडे आली की मायनससारखी दिसते. दशांशचिन्ह उडालं की १.२५ चे १२५ होतात. नंबर पावाच्या टप्प्याने चढतो, तेव्हा शेवटी ००, २५, ५० किंवा ७५ यांशिवाय काही दिसलं तर परत विचारा.

ॲक्सिसचा आकडा पाहून घाबरू नका. १८० हा नंबर नव्हे, तिरक्या नंबरची दिशा आहे. ती १ ते १८० अंशांत मोजतात. १८० नंतर मोजणी पुन्हा १ पासून सुरू होते, म्हणून १७५ चा ५ झाला तर फरक फक्त दहा अंशांचा.

दोन ठिकाणचे कागद जुळत नाहीत म्हणून डॉक्टरला नावं ठेवण्याआधी तिरक्या नंबरचं चिन्ह पाहा. एकाने −२.००, तिरका +१.००, ॲक्सिस ९० लिहिलं आणि दुसऱ्याने −१.००, तिरका −१.००, ॲक्सिस १८०, तर काच एकच बनते. पहिले दोन आकडे मिळवायचे, तिरक्याचं चिन्ह उलटवायचं, ॲक्सिस ९० ने फिरवायचा.

बऱ्याच कागदांवर डावीकडचा रकाना उजव्या डोळ्याचा असतो. वरचं ओडी किंवा आर वाचा, तो उजवा. ओएस किंवा एल असेल तर डावा.

६/९ हा नंबर नव्हे. निरोगी डोळा जे नऊ मीटरवरून वाचतो ते तुम्ही सहा मीटरवरून वाचता, एवढाच त्याचा अर्थ.

मशीनमधून निघालेल्या चिठ्ठीवर चष्मा करू नका, मुलांचा तर मुळीच नको. मशीनमध्ये बघताना मूल डोळ्यावर ताण देतं आणि मायनस जास्त येतो. ती चिठ्ठी म्हणजे तपासणीची सुरुवात, पुढे काचा बदलून विचारणं बाकी असतं. मुलांना त्यासाठी डोळ्यांत औषध घालावं लागतं, म्हणून वेळ काढूनच जा.

पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. कागदावर ते नसेल तर मोजून घ्या. मोठ्या नंबरात काचेचं केंद्र पाच मिलिमीटर सरकलं तरी डोकं दुखतं.

साखर वाढलेली असताना काढलेला नंबर साखर उतरली की बदलतो. मधुमेह नुकताच कळला असेल तर आधी औषध सुरू करा, साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मगच नवी काच घाला. मी अशा गिऱ्हाइकाची ऑर्डर घेत नाही.