गेम अडखळतोय? प्लॅन वाढवण्याआधी राउटर नीट लावा

फैजपूर-यावल भागात मी घरोघरी फायबरची जोडणी करून देतो. पोरांची तक्रार ठरलेली: "भाऊ, नेट शंभरचं आहे, तरी गेम अडकतो." मग घरचे दोनशेचा प्लॅन घ्यायला निघतात. थोडं थांबा. व्हॅलोरंटसारखा ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळायला एक-दोन एमबीपीएस पुरतात. गेम चालवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे सर्व्हरकडे, माहितीचं पाकीट जाऊन उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले आणि दर वेळी तेवढेच लागले का, यावर गेम चालतो.

व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईतही आहेत. जळगाव ते मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन चार-पाच मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं, वळसे धरून पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागलेला खरा वेळ, याच्या काही पट येतो, ते चालतं. पण ३० वरून एकदम १८० वर उडी मारत असेल, तर आधी घरातच शोधा.

कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला सतत पिंग लावा, पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत ८.८.८.८ ला, हा बाहेरचा, गूगलचा पत्ता. राउटरचाच आकडा उड्या मारत असेल तर दोष वायफायचा. राउटर १-२ वर स्थिर आणि बाहेरचाच उडत असेल, तर घरात कोणी अपलोड करतंय का ते बघा. कोणीच काही करत नसेल, तर लाइनची तक्रार नेटवाल्याकडे करा.

वायफायवर माझं पहिलं उत्तर केबल हेच. कॅट ५ई जातीची नेटवर्क केबल घ्या, १०० मीटरपर्यंत आरामात चालते. आमच्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड. राउटर ओसरीच्या कोनाड्यात, पुढे लोखंडी कपाट, आणि पोरगं माडीवर खेळतंय. तिथे सिग्नल पोचणार कसा? भिंत फोडू नका, खिडकीच्या चौकटीतून केबल वर न्या. केबल जमतच नसेल तर राउटर खेळायच्या खोलीत आणा आणि ५ गिगाहर्ट्झ वापरा. भिंतीपलीकडूनच खेळायचं असेल तर २.४ वर राहा. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेला निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

आता खरा मुद्दा. पोरगं खेळत असताना ताईच्या मोबाईलवरून लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढू लागले की पिंग फुगतो. रेल्वे फाटकावर केळीच्या ट्रकांची रांग लागली की मागून आलेली रुग्णवाहिकाही अडकते, तसंच गेमचं छोटं पाकीट मोठ्या फाइलीमागे उभं राहतं. प्लॅन दुप्पट केला तरी अपलोड भरला की रांग लागतेच.

यावर उपाय राउटरच्या क्यूओएस पानावर आहे, म्हणजे कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवायच्या पानावर. केबल लावून, घरातलं बाकी सगळं बंद करून स्पीड टेस्ट घ्या. अपलोड ४० आला तर मर्यादा ३५ टाका, डाउनलोडलाही तसाच थोडा हात आखडा. मग रांग तुमच्या राउटरमध्ये लागते आणि गेमला पुढे काढणं त्याच्या हातात येतं. रांग आपोआप सांभाळणारा एसक्यूएम, केक किंवा एफक्यू-कोडेल असा पर्याय दिसला तर तोच निवडा. नेटवाल्याने दिलेल्या साध्या डब्यात बहुतेक वेळा हे नसतं. त्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं सॉफ्टवेअर चालणारा राउटर घेणं मला प्लॅनपेक्षा शहाणपणाचं वाटतं. नंतर व्हिडिओ अपलोड चालू ठेवून पुन्हा पिंग बघा. वेग जरासा कमी दिसेल, पण आकडा जागचा फारसा हलणार नाही.

गेम नॅट 'स्ट्रिक्ट' दाखवत असेल, म्हणजे बाहेरची जोडणी राउटर आत येऊ देत नसेल, मित्राचा आवाज येत नसेल, तर राउटरमध्ये यूपीएनपी चालू करून बघा, गेमला लागणारी वाट त्याने आपोआप उघडते. ही वाट, म्हणजे पोर्ट, हाताने उघडायचा असेल तर आधी कॉम्प्युटरला राउटरमधून कायमचा पत्ता राखून ठेवा. माइनक्राफ्ट जावाच्या सर्व्हरला २५५६५, एक्सबॉक्सला ३०७४. डीएमझेड नावाच्या सेटिंगच्या वाटेला जाऊ नका, त्याने सगळं यंत्र बाहेर उघडं पडतं. पोर्ट उघडण्याआधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही नेटवाल्याच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कोणी पोचणार नाही. नेटवाल्याकडे पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा बाहेरचा पत्ता, मागा, त्याचे वेगळे पैसे पडू शकतात. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक लागलेत. पहिल्याला ब्रिज मोडवर टाकायला सांगा, मग तो राउटरचं काम सोडून नुसती जोडणी पुढे देतो.

मे महिन्यात बंद कपाटातला राउटर भाजून निघतो, त्याला मोकळ्या हवेत ठेवा. आणि ऐन मॅचमध्ये लाईट जाऊ नये म्हणून मिनी यूपीएस घेणार असाल, तर डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर बघूनच घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही त्यावर जोडा.